शनिवारची पाच वाक्यं

जोडवर्ग म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको.

एक खोली, एक बाई आणि चार इयत्ता, याला जोडवर्ग म्हणतात. एका इयत्तेला तोंडी शिकवायचं, दुसरीला फळ्यावर गणितं घालून द्यायची, तिसरीला शुद्धलेखन, आणि वरच्या वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीला पहिलीच्या पोरांसमोर बसवून त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा बाजार वाटतो. बाजार नसतो. चार चुली पेटवलेली बाई एका भांड्यात डाव फिरवते आणि बाकीच्या तिन्हींवर नाकाने लक्ष ठेवते, तसलं ते काम आहे. राजापूर तालुक्यातल्या शाळेत मी ते शिकले. नवऱ्याला दुबईत लाँचच्या एजंटाकडे नोकरी लागली आणि मी त्याच्यामागून गेले, तेव्हा माझ्याजवळ तेवढंच कसब होतं.

गावी आलं की लोक विचारतात, तिथे उंट असतात का, सोनं स्वस्त आहे का, शेख दिसतो का. उंट असतात. सोन्याशी माझा संबंध आला नाही. शेखांचं राज्य आणि त्यावर इंग्रजांचा पहारा, असा कारभार आहे. आमच्यासारख्यांना दोन्हींचं काम पडतं ते फक्त कागदावर शिक्का हवा असला तर.

आमची शाळा बर दुबईत खाडीलगतच्या एका गुदामाच्या माडीवर होती. खाली सुकी मासळी, वेलची आणि वाळवलेली काळी लिंबं, वर आम्ही. पाणी गाढवावरून डब्यांत यायचं. वारा सुटला की पाट्यांवर वाळू बसायची आणि मुलं लिहिण्याआधी फुंकर मारायची. पुढे वीज आली, पंखे आले, वर्ग आठवीपर्यंत वाढले, आणखी दोन शिक्षक आले. पण फुंकर मारण्याची सवय काही गेली नाही. सिंधी, गुजराती, मलबारी, आमची कोकणी, सगळ्यांची मुलं. नाव इंग्रजी माध्यमाचं, आधार हिंदीचा आणि अडलं की ज्याची त्याची मातृभाषा. इथल्या भारतीय व्यापाऱ्यांची आणि कारकुनांची एक समिती होती. जागेचं भाडं त्यातले एक शेठजी भरत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक सिंधी गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "टीचर, इसको सिर्फ हिसाब सिखाओ. कविता-बिविता हमारे यहाँ नहीं चलती."

मी म्हटलं, "कविता फी में फ्री है."

"फ्री है तो सिखा दो," म्हणाले आणि गेले.

शाळेला सुट्टी शुक्रवारी. म्हणून आठवडा शनिवारी सुरू व्हायचा, आणि शनिवारचा पहिला तास संभाषणाचा. प्रत्येक मुलाने उभं राहून पाच वाक्यं सांगायची: काल घरी काय झालं? कोण आलं? काय शिजलं? कोण काय म्हणालं? भाषा शिकवण्याची ही जुनी आणि चांगली रीत आहे. पुस्तकातल्या राजावर मूल बोलत नाही, घरातल्या माशावर बोलतं. शिक्षिका झालेल्या प्रत्येक बाईने हा तास घेतलेला आहे. त्या तासाला मला कुठल्या घरात भांडण झालं, कुणाचा बाप पिऊन आला, कुणाची आई रडली, सगळं कळायचं. ऐकायचं, वाक्य दुरुस्त करायचं आणि विसरून जायचं. हे विसरणंही शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे, पण ट्रेनिंग कॉलेजात ते कुणी शिकवत नाही.

शोभा कामत आमच्याकडे आली ती गोव्याहून. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील इथे एका आगबोट कंपनीच्या एजंटाकडे कारकून. मुलगी नऊ-दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, नखं स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या दिवशी घंटा झाली तशी ती उठली आणि भिंतींकडे बघू लागली. काहीतरी शोधत होती. आमच्या भिंतीवर एका चहा कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर कपबशी धरलेली बाई. शोभा त्या बाईकडे तोंड करून ताठ उभी राहिली, हात मांड्यांना चिकटवले आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी घडाघडा म्हणून दाखवलं. पोरं हसली. ती हसली नाही, रागावलीही नाही. संपल्यावर खाली बसली.

मी विचारलं, "काय होतं ते?"

"सकाळचं, बाई. आमच्या शाळेत फोटो होता. इथे फोटो कुठे आहे?"

"कुणाचा?"

"जो राज्य करतो त्याचा."

मी म्हटलं, इथे फोटो नाही, बस खाली. तिला ते पटलं नाही. फोटो नसलेली शाळा तिला छप्पर नसलेल्या घरासारखी वाटत असावी.

त्याच आठवड्यात भूगोलाच्या तासाला मी युरोपचा नकाशा काढायला सांगितला. शोभाने काढलेल्या नकाशात अर्ध्याहून जास्त युरोप पोर्तुगालच्या रंगात रंगवलेला. मी म्हटलं, हे चूक आहे, पोर्तुगाल एवढासा, कोपऱ्यात. ती म्हणाली, नाही, आमच्या वर्गात नकाशा होता, त्यात असंच होतं. नंतर मला कळलं की तसला नकाशा खरोखरच असतो. आफ्रिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या वसाहती कापून युरोपवर पसरायच्या आणि मुलांना म्हणायचं, बघा, आपला देश लहान नाही. मी तिला ॲटलास दाखवला. तिने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हे पुस्तक इंग्रजांनी छापलंय ना, बाई?"

मी ॲटलास मिटला. नऊ वर्षांच्या पोरीचं उत्तर होतं, आणि खोडून काढायला सोपं नव्हतं.

दुसरीकडेही काही वेगळं चाललेलं नव्हतं, हे इथेच सांगते. संध्याकाळी बाजारात गेलं की दर दुकानी एक रेडिओ. कुणाचा कैरो, कुणाचा लंडन, कुणाचा दिल्ली, कुणाचा तेहरान. शेजारच्या अरब बाईची दोन मुलं कैरोची भाषणं आमच्याकडे पोरं पाढे म्हणतात तशी म्हणायची, श्वास घेण्याच्या जागांसकट. अर्थ विचारला तर खांदे उडवायची. पण रेडिओचं एक असतं, बॅटरी संपली की खलास. शोभाच्या आत जे होतं त्याला बॅटरी लागत नव्हती.

मुलगी कुठल्या घरातली आहे ते बघावं म्हणून मी एकदा कामतांकडे गेले. दोन खोल्या, वर वाऱ्यासाठी बांधलेला बुरूज. आईने चहा केला. सगळे बसलो. कुणी बोलेना. वडील म्हणाले, आज गरम आहे. आई म्हणाली, हो, गरम आहे. मग पुन्हा शांतता. शोभा मधोमध बसली होती, हात मांडीवर, माझ्याकडे बघत. शेवटी आई म्हणाली, "शोभा, खाली जाऊन लिंबं घेऊन ये गो." पोरगी गेली. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली आणि नवरा-बायको दोघेही एकदम बोलू लागले. घरभाडं, नोकरी, गावाकडची खबर, मासळी महाग झाली, सगळं एका दमात, जणू नळाला पाणी आलंय आणि लवकर जाणार आहे.

मी म्हटलं, "पोरीसमोर मासळीचा भाव बोलायला काय हरकत आहे?"

कामत म्हणाले, "बाई, लोकांच्या घरी भिंतींना कान असतात. आमच्या घरी कान पंगतीला बसतात."

मग त्यांनी सांगितलं. कामतांचा धाकटा भाऊ दत्तू गोव्यात सत्याग्रहींना मदत करायचा. लपून घरी यायचा, जेवायचा, पुतणीला मांडीवर घेऊन गाणं म्हणायचा. गाणं गोव्याच्या मुक्तीचं. शोभाच्या शाळेत एक तरुण बाई होती, पोर्तुगीज शिकवणारी. मुलींच्या वेण्या सुटल्या तर स्वतः घालून द्यायची, रिबिनी बांधायची, साखरेत घोळवलेले बदाम द्यायची. शोभाचा तिच्यावर जीव. ही बाई दर सोमवारी मुलांना उभं करून विचारायची: काल घरी काय झालं? कोण आलं? काय गाणं म्हटलंत?

मी चहाचा कप खाली ठेवला.

"शोभाने पाच वाक्यं सांगितली," कामत म्हणाले. "शुद्ध पोर्तुगीजमध्ये. एकही चूक नव्हती. बाईने तिला झेंडा धरायला पुढे उभं केलं. आणि त्या आठवड्यात दत्तूला घरातून उचलून नेलं. किल्ल्यातल्या तुरुंगात आहे. जिवंत आहे म्हणतात."

"शोभाला माहीत आहे?"

"काका परदेशी गेला म्हणून सांगितलंय."

लिंबं आली. शोभाने ती मोजून आईच्या हातात दिली. कामत म्हणाले, "गरम आहे नाही आज?"

मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. त्याने दाढी खाजवली आणि म्हणाला, "तू शाळा चालव हां. जग चालवायला जाऊ नको."

मी शाळाच चालवली. शनिवारच्या तासात मी एक बदल केला. पाच वाक्यांतलं एक खोटं असलं पाहिजे आणि बाकीच्यांनी ते ओळखायचं. मुलं खूश. "काल आमच्या घरी उंट जेवायला आला आणि त्याने पापड मागितला." "माझ्या आजोबांनी खाडी पिऊन टाकली, म्हणून आज होड्या बंद." मलबारी पोरांना तर खोट्याची अशी गोडी लागली की एक वाक्य खरं शोधावं लागे. माझा हेतू सरळ होता. घरातलं जे बाहेर न्यायचं नसतं त्याच्यावर झाकण कसं घालायचं, हे मुलीला खेळातून शिकवायचं. थोडक्यात, मी सरकारमान्य शिक्षिका असून एका पोरीला खोटं बोलायला शिकवत होते.

शोभा उभी राहायची, चार वाक्यं सांगायची आणि गप्प. "बाई, पाचवं तसं झालं नाही."

"झालं नाही, माहीत आहे. तरी सांग."

"मग ते कशाला सांगायचं?"

एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला खाली बसवलं. त्या रिबिनी बांधणाऱ्या बाईचा मला राग येत होता हे खरं, पण त्याहून जास्त, आणि हे धंद्यातल्या माणसालाच कळेल, मला तिचा हेवा वाटत होता. काय मुरवलं होतं तिने! इतकी वर्षं मी शिकवलं, माझा कुठलाच धडा कुठल्याच पोरात इतका खोल गेला नाही. माझी पोरं सातवीत गेली की चौथीचे अपूर्णांक विसरतात.

मग गोवा मुक्त झाला. शाळेत मिठाई वाटली. मला वाटलं, शोभाला धक्का बसेल, निदान गोंधळेल. दुसऱ्या शनिवारी तिने पाच वाक्यं सांगितली ती गोवा भारतमातेच्या कुशीत परत आल्याबद्दल, आवाज तोच, हात मांड्यांना तसेच चिकटलेले. समितीच्या कार्यक्रमात तिचं भाषण ऐकून शेठजी इतके खूश झाले की त्यांनी तिला चांदीचं पदक दिलं. आणि आमच्या भिंतीवर नेत्यांचे फोटो पाहिजेत, अशी सूचनाही तिचीच होती. लावले. कपबशीवाली बाई अडगळीत गेली.

दत्तू कामत पुढच्याच वर्षी मुंबईहून बोटीने आला. भावाने त्याला बंदरावर माल मोजून घेणाऱ्या टॅली क्लार्कचं काम मिळवून दिलं होतं. मला वाटलं होतं, खंगलेला, गप्प माणूस असेल. आला तो शिट्टी वाजवत. डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती, तेवढंच. शाळा बघून म्हणाला, "बाई, ही तर तुमची खासगी कंपनी. डायरेक्टर तुम्ही, मॅनेजर तुम्ही, झाडूवालाही तुम्हीच."

"आणि तोटाही माझाच," मी म्हटलं.

"तेवढं तरी भागीदारीत घ्या की कुणाला!"

मग पोरं डबे खायला गेली तेव्हा तो माझ्यासमोरच्या बाकावर बसला, मोठा माणूस लहान बाकावर, गुडघे हनुवटीपर्यंत. म्हणाला, "एक मागणं आहे. माझ्या हाताला काय झालं ते शोभाला कधी कळू द्यायचं नाही. पोर आहे, आयुष्यभर उरावर ओझं राहील. पण ती सवय मात्र मोडायला हवी. आज काका सापडला, उद्या दुसरा कुणी सापडेल."

मी म्हटलं, "दत्ताराम, कारण न सांगता सवय कशी मोडायची?"

"ते तुमचं खातं. मी माल मोजणारा माणूस."

त्याची एवढीच इच्छा होती, आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने त्यासाठी जिवाचं रान केलं. पुतणीला खाडीवर न्यायचा, होडीतून पलीकडच्या काठावर देऱ्याला न्यायचा, अरबी शिव्या शिकवायचा. चोरून आईसफ्रूट द्यायचा आणि म्हणायचा, "आईला सांगायचं नाही हां. आपलं गुपित." शोभा आईसफ्रूट खायची, घरी जायची आणि आईला सांगायची. तो दर खेपेला माझ्याकडे येऊन हसत हसत सांगायचा, "आजचंही फुटलं, बाई." पण प्रत्येक खेपेला हसणं थोडं कमी असे.

पासष्ट साली भारत-पाकिस्तान लढाई लागली. इथे दोन्हीकडचे लोक एकाच गल्लीत राहतात, एकाच विहिरीचं पाणी पितात. बाजारात कुणी कुणाशी भांडलं नाही. फक्त रेडिओ दाराआड गेले. मी मुसलमान, राजापूरची, भारतीय शाळेतली शिक्षिका. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. पण समितीतले लोक नमस्कार करताना पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ माझ्याकडे बघू लागले. आम्ही घरात बातम्या बंद केल्या. नवरा काही बोलायला लागला की मी शिकवणीला आलेल्या मुलींना आधी बाहेर पाठवायची.

शोभा तेव्हा आठवीत. जोडवर्गाच्या रीतीने पहिली-दुसरीचा शनिवारचा तास ती घेत असे. ती उत्तम घ्यायची. लहान मुलं तिच्या अंगाखांद्यावर. वेण्या सुटल्या तर ती घालून द्यायची. त्या वर्गात मुमताज पावसकर नावाची एक पोर होती, दात पडलेली, बोबडी. तिचा बाप इस्माईल आमच्याच तालुक्यातला, शेठजींच्या लाँचवर इंजिन बघायचा. त्याची थोरली बहीण फाळणीच्या आधीपासून कराचीत दिलेली. तिकडच्या फर्माइशीच्या कार्यक्रमात ती कधीमधी गाण्याची फर्माइश पाठवायची आणि इस्माईल रोज कान लावून बसायचा, बहिणीचं नाव येतं का ऐकायला. नाव आलं की आठवडाभर सगळ्यांना सांगायचा.

लढाईच्या फंडासाठी शेठजी शाळेत आले. मुलांना रांगेत उभं करून चार शब्द बोलले आणि शेवटी सहज म्हणाले, "कुणाला काही सांगायचंय?"

शोभाने हात वर केला. पुढे आली. हात मांड्यांना. "सर, मुमताजने शनिवारी सांगितलं की तिचे वडील रोज रात्री दार लावून कराची रेडिओ ऐकतात. नाव आलं की टाळ्या वाजवतात."

पाच वाक्यं नव्हती, दोनच होती.

मी त्याच दुपारी शेठजींच्या पेढीवर गेले. बहिणीची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकून घेत होते, माणूस वाईट नव्हता.

"बाई, मुलगी खोटं बोलली का?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही रोज रेडिओ सिलोन लावता, म्हणून तुम्ही सिलोनचे झालात का?"

"वेळ तशी आहे, बाई. लाँच मुंबईला जाते. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, तुला माहीत होतं ना? चारचौघांत मुलगी बोलली. न बोलती तर मी काहीच केलं नसतं."

इस्माईलला कामावरून काढलं. इथे नोकरी गेली की कागद जातो, कागद गेला की मुक्काम हलवावा लागतो. गावी परत जावं तर लोक विचारणार, का काढलं? ते उत्तर त्या दिवसांत राजापुरात घेऊन जायची त्याची छाती नव्हती. शेवटी बहिणीने बोलावलं. ज्याच्या मनात कराचीला जाणं कधी आलं नव्हतं तो बायकापोरं घेऊन कराचीला गेला. निघताना मला म्हणाला, "आपा, माजा काय चुकला ता तरी सांगा."

मी म्हटलं, "काय नाय चुकला, भावा." त्याचं समाधान झालं नाही, होणारही नव्हतं. मुमताजने शोभाच्या गळ्यात पडून निरोप घेतला. शोभाने तिची रिबीन नीट केली.

त्यानंतर दत्तू माझ्याकडे आला. शिट्टी नव्हती. म्हणाला, "माझंच चुकलं. झाकून ठेवलं म्हणून ते वाढलं. आता सांगतो. तुम्ही समोर बसा, नाहीतर मला जमायचं नाही."

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. दुपारची वेळ, खाली हमाल गोणी लावत होते. तो बाकावर, ती समोर उभी. त्याने सगळं सांगितलं. गाणं, सोमवार, पाच वाक्यं, किल्ला. हात पुढे केला आणि बोटं मिटून दाखवायचा प्रयत्न केला. तक्रारीचा सूर कुठे नव्हता. मधे एकदा तर पोलिसाच्या मिशीची नक्कलही केली. शेवटी म्हणाला, "तुझा दोष नाही गो, बाय. तू लहान होतीस. पण आता मोठी झालीस, म्हणून सांगतो."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं, आणि मी सहसा कुणाला पोटाशी धरत नाही.

ती विचार करत होती. गणित सोडवताना तिच्या कपाळावर एक उभी रेघ यायची, ती आली होती.

"काका, तुम्ही ते गाणं म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"म्हणजे मी खरंच सांगितलं होतं."

"हो. खरंच."

"आणि तेव्हा ते गाणं म्हणायला बंदी होती."

"होती."

"मग तेव्हा ते बरोबर होतं." रेघ गेली. "आता तसं सांगणं चूक झालं असतं, कारण आता ते गाणं चांगलं आहे. पण मुमताजच्या वडिलांचं आता सांगितलंय, त्यामुळे ते बरोबर आहे." तिने काकाच्या हाताला अगदी हलका हात लावला. "दुखतं का अजून?"

"थंडीत दुखतं."

"तेल लावा," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "बाई, मी जाऊ? इतिहासाचा गृहपाठ राहिलाय."

तिच्यात कपट नव्हतं. निर्दयही ती नव्हती. आठवडाभर रोज संध्याकाळी तिने काकाच्या बोटांना तेल चोळलं, असं मला तिच्या आईने सांगितलं.

ती गेल्यावर दत्तू म्हणाला, "त्यांनी फार मारलं, बाई. पण मी एकाचंही नाव सांगितलं नाही. मला वाटायचं, आपण जिंकलो. राज्य गेलं, फोटो गेला, ती बाई बोटीत बसून लिस्बनला गेली. तिचा तास तेवढा इथेच राहिला." त्याने दुसऱ्या महिन्यात बहारीनला नोकरी धरली. भावाला म्हणाला, पगार बरा आहे. मला ते खरं वाटत नाही.

शोभा मुंबईला जाऊन मॅट्रिक झाली, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, वर्गात पहिली आली. यंदा समितीने तिला आमच्याच शाळेत पहिली-दुसरीवर घेतलं आहे. समितीने मला विचारलं, काही हरकत? मी म्हटलं, आहे. कारण विचारलं. वेळेवर येते, अक्षर सुंदर, मुलं जीव टाकतात, कधी खोटं बोलत नाही. लेखी देण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि तोंडी दिलेलं कुणाला पटलं नाही.

मुख्य बाई म्हणून वेळापत्रक मात्र माझ्या हातात आहे. मी शनिवारचा संभाषणाचा पहिला तास खोडला आणि तिथे हस्तव्यवसाय लिहिला: मातीकाम, कागदकाम, विणकाम. सगळ्या वर्गांना. कारण दिलं नाही.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. हाताला माती लागलेली, चेहरा फुललेला.

"बाई, तुमचा हा बदल फार चांगला झाला," ती म्हणाली. "उभं करून विचारलं की लाजायची पोरं. हात कामात असले की किती मोकळेपणाने बोलतात."